मामाचा टच, भाचीचा बटणवाला

मोबाईलवरून घरात वाद झाला म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. म्हातारं माणूस फोनच्या नावानं बोटं मोडतंय आणि तरुण पोर मान खाली घालून काच घासतंय. डहाणू तालुक्यातल्या कैनाडच्या पाड्यावरचा जो वाद इथं मांडतोय, तो बरोबर याच्या उलटा आहे.

मामा साठीच्या आसपासचा. शाळेची पायरी चढला नाही. थोडी भाताची जमीन, तीही वनपट्ट्याची. बाकी वर्षभर चिकूच्या वाडीत मजुरी. त्याच्या खिशात टचचा फोन असतो, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. भाची बारावी शिकलेली, अंगणवाडी सेविका. तिच्याकडं फोन दोन. एक कामाचा, तो पिशवीत कापडात गुंडाळलेला. दुसरा स्वतःचा, आणि तो साधा बटणवाला. मामाला फोनमधली प्रत्येक नवी सोय हवीशी वाटते, भाचीला प्रत्येक नवी सोय म्हणजे नवं काम वाटतं.

नावं देत नाही, कारण हा एकच मामा आणि एकच भाची नव्हे. डहाणू-तलासरीच्या घराघरांत जे बोललं जातं, ते या दोघांच्या तोंडी घातलं आहे. बोलणं अर्थात वारलीतलं. इथं ते सरळ मराठीत उतरवलंय, त्यामुळं त्यातली निम्मी चव गेली हे आधीच कबूल करतो.

भाची : मामा, फोन म्हणजे चार गोष्टी. बोलणं, अंधारात बॅटरी, पहाटेचा गजर आणि हिशेबाचं यंत्र. पाचवी गाणी म्हण हवं तर. त्याच्या पुढचं सगळं डोक्याला ताप.

मामा : तुला वाचता येतं म्हणून असं म्हणतेस.

भाची : वाचण्याचा इथं काय संबंध?

मामा : तोच तर संबंध आहे, बाय. बटणवाल्यात नंबर शोधायचा म्हणजे नाव वाचायला लागायचं. मला कुठं येतंय? पोरांना हाक मारायची, लाव रे जरा अमक्याला. पोरं लावून द्यायची आणि शेजारी उभी राहून सगळं ऐकायची. आता प्रत्येक नावापुढं फोटो आहे. तोंड बघतो नि दाबतो. बोलायचं नसलं तर त्या माईकच्या चित्रावर बोट धरतो, बोलतो, सोडतो. गेला निरोप. मध्ये कोणी नाही.

भाची : आणि चिकू काढून आलास की? चिकाचं बोट त्या काचेला कळतच नाही. परवा पँटला हात पुसत तीनदा दाबत होतास.

मामा : पुसलं की कळतं. अक्षर पुसून कळत नाही.

या एका वाक्यावर मला मामाच्या बाजूनं कौल द्यावासा वाटतो. फोन बनवणाऱ्यांनी जाहिरातीत कॅमेऱ्याचे आकडे सांगितले, पण ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या आयुष्यात खरा फरक पाडला तो आवाजानं. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप 2013 मध्ये आले. गुगलनं मराठीत बोलून टाईप करण्याची सोय 2017 च्या ऑगस्टमध्ये दिली, बंगाली, गुजराती, तमिळ अशा भाषांच्या सोबतीनं. त्याआधी मोबाईल हे यंत्र लिहिता-वाचता येणाऱ्याचंच होतं. एसएमएस ही सोय 1992 पासून जगात होती. मामाच्या फोनात ती कायम बंद पाकिटासारखी पडून राहिली.

भाची : पण त्या फोनशी तू बोलतोस कसा, ऐकलंयस कधी? 'उद्या पाऊस पडणार आहे का?' घरात असं कधी बोललास? वारलीत विचार ना त्याला.

मामा : वारलीत विचारलं तर भलतंच काढून दाखवतो. म्हणून साहेबाशी बोलतो तसं बोलतो. साहेबाला तरी कुठं वारली येते?

इथं दोघंही हसतात, आणि वाद थोडा वेळ थांबतो.

मामा : आता तूच सांग, तुझा भाऊ बोटीवर गेला की त्याची खबर कशी लागते?

भाची : मिस कॉलनं. आणि मिस कॉल माझ्या बटणवाल्यावरही येतो.

बाहेरच्या वाचकाला हे थोडं उलगडून सांगायला हवं. डहाणू-तलासरीकडचे शेकडो आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. पावसाळ्यातली मासेमारी-बंदी उठली की वेरावळ, पोरबंदर, ओखा. बोट किनाऱ्यापासून काही मैल आत गेली की रेंज संपते. मग कित्येक दिवस काहीच नाही. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही, आणि ती ओलांडल्याच्या आरोपावरून या भागातले खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडले आहेत. त्यामुळं बोट परत रेंजमध्ये आल्यावर घरी वाजलेला एक मिस कॉल म्हणजे काय, हे पाड्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉल उचलायचाच नसतो. वाजला, कटला, म्हणजे पोरगा सुखरूप.

गंमत अशी की मिस कॉल ही सोय कुठल्याही कंपनीनं बनवलेली नाही. लोकांनी ती शोधली. 1995 मध्ये भारतात मोबाईल आला तेव्हा बोलणं तर महाग होतंच, आलेला फोन घ्यायचेही पैसे पडायचे. येणारा फोन फुकट झाला 2003 मध्ये. त्यानंतर वाजवून कट करण्याची भाषाच तयार झाली : एकदा वाजला तर पोचलो, दोनदा वाजला तर तू फोन कर. आज अमर्याद बोलण्याच्या पॅकमध्ये तिची गरज उरली नाही असं शहरात वाटतं. पण ज्याचं रिचार्ज संपलंय त्याच्या खिशात ही भाषाही मुकी होते. पूर्वी शिल्लक शून्य असली तरी सिम महिनोन्‌महिने जिवंत राहायचं. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली.

भाची : आईचं तेच झालं ना. ती नेट वापरत नाही, फोटो काढत नाही. फक्त बोलते. तरी पॅक घ्यायचा तो नेटसकट. न वापरलेल्या नेटचे पैसे भरायचे.

मामा : दुकानदाराला नुसत्या बोलण्याचा पॅक माग.

भाची : मागितला. म्हणाला, असा पॅक नसतो.

असतो. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना केवळ बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं, आणि जानेवारी 2025 पासून ते बाजारात आले. दुकानदार आपणहून सांगत नाही, एवढंच. नाव घेऊन मागायला लागतो.

भाचीचा बटणवाल्या फोनाचा हट्ट मात्र नुसता पैशाचा नाही. त्याची बॅटरी चार दिवस पुरते. पावसात तो साध्या पन्नीत घालून कमरेला खोचता येतो, आणि पन्नीवरूनही बटणं दाबली जातात. इअरफोनची वायर खोचली की रेडिओ लागतो, कारण ती वायरच एरियलचं काम करते. मामाच्या टचमध्ये रेडिओ नाही. पुष्कळ नव्या फोनांतून तो काढूनच टाकला. केंद्र सरकारला 2023 मध्ये फोन बनवणाऱ्यांना सांगायला लागलं की रेडिओ चालू ठेवा, आपत्तीत नेट बंद पडलं तर तोच उपयोगी येतो. आणि टॉर्च तर खास अशाच वस्त्यांसाठी फोनमध्ये आला. 2003 च्या नोकिया 1100 ला डोक्यावर दिवा होता, धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी आवरण होतं आणि हातातून निसटू नये म्हणून कडा खरखरीत होत्या. जगात पंचवीस कोटींच्या वर खपला तो. वीज नसलेल्या घरातला माणूस डोळ्यापुढं ठेवून कोणीतरी आखलेला असा फोन नंतर क्वचितच झाला, असं माझं मत आहे.

भाची : तुला सगळं गोड वाटतं कारण तुझ्या फोनाला तू काम सांगतोस. माझा बघ. हा मला काम सांगतो.

ती पिशवीतला दुसरा फोन काढते. कापड सोडते. चालू व्हायला वेळ लागतो, तोवर ती बोलत राहते.

भाची : आधी हजेरी. मग आज किती पोरं आली, त्यांचा फोटो. मग गरोदर बाईला घरी न्यायचा आहार द्यायचा तर तिचा चेहरा दाखव. चेहरा जुळला पाहिजे. पहिल्यांदा नोंद करायची तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी. आता आधारला नंबर कोणाचा? नवऱ्याचा. नवरा कुठं? बोटीवर. म्हणजे आहाराचं पाकीट कैनाडला आणि ओटीपी पोरबंदरला.

मामा : मग त्याला फोन करून विचार.

भाची : रेंजमध्ये असला तर विचारीन. आणि तो सांगेपर्यंत आकडा मुदत संपून जातो. ती बाई पोटुशी, दारात उभी. मी तिला काय सांगू? तुझा चेहरा यंत्राला पटला नाही म्हणून?

'पोषण ट्रॅकर' हे केंद्राचं ॲप 2021 च्या मार्चमध्ये आलं. चेहरा ओळखून आहार देण्याची सक्ती 1 जुलै 2025 पासूनची. हेतू वाईट नाही. कागदावर आहार वाटायचा आणि प्रत्यक्षात गायब करायचा, हा प्रकार या राज्यात झालेला आहे आणि त्याचा बळी पाड्यावरचं मूलच ठरलं. पण चोर पकडायला लावलेला कॅमेरा नेमका त्या बाईकडं वळवला, जिच्या हातून चोरी होण्याजोगं फारसं काही जातच नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट 2021 मध्ये सरकारी मोबाईल गोळा करून कार्यालयांत नेऊन परत दिले होते. फोन गरम होतात, बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो आणि ॲप इंग्रजीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभर लोक चांगल्या फोनासाठी रांगा लावत असताना हजारो बायकांनी फोन परत केले, ही बातमी आपल्या चर्चांत यायला हवी होती तेवढी आली नाही.

आणि हे डहाणू तालुक्यातून सांगताना एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. 'अंगणवाडी' ही कल्पना याच तालुक्यातली. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वर्ग मुलांच्या अंगणात नेला. मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर गुरं चरतात तिथं कुरणशाळा भरवली. यंत्रणा मुलाच्या मागं चालत गेली. आज त्याच तालुक्यातली सेविका रेंजच्या मागं टेकाडावर चालत जाते, आणि त्या वेळात पोरं तिच्याशिवाय असतात.

मामा : पण चांगलं बघ ना थोडं. मागं वनपट्ट्याची मोजणी झाली तेव्हा जीपीएसवाला माणूस आला होता. जमिनीच्या कडेनं चालला, यंत्रात बिंदू घेतले. आम्ही त्याच्या मागनं कुत्र्यासारखे. तो म्हणेल ते माप. आता तेच जीपीएस माझ्या खिशात आहे. उद्या कोणी म्हणाला तुझी हद्द इथं नाही, तर मी पण चालून दाखवीन.

भाची : तुझ्या फोनातलं माप कोर्ट धरणार आहे?

मामा : धरू दे नाहीतर न धरू दे. मला तर कळलं ना, तो खोटं बोलतोय का खरं.

जीपीएसची एक बाब मामाच्या बाजूची आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही. उपग्रहांकडून येणारी वेळेची खूण फोन फक्त ऐकतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. तो परत काही पाठवत नाही. डोंगराआड नकाशाचं चित्र उमटणार नाही, पण ठिकाणाचे आकडे मिळतात. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे मोजताना महाराष्ट्रात हेच तंत्र वापरलं गेलं. सातबारा असलेला शेतकरी 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत स्वतःच्या पिकाचा फोटो स्वतः काढतो, आणि तो फोटो त्याच शेतातला आहे हे जीपीएस सांगतं. तलाठ्यानं घरबसल्या पीक लिहायचे दिवस त्यामुळं थोडे मागं पडले. मामाचा मुद्दा खोटा नाही.

भाची : आणि रोजगार हमीवर? तिथंही फोटो नि जीपीएसच होतं. 2023 पासून दिवसातून दोनदा फोटो. सकाळचा चढला आणि दुपारचा चढला नाही तर? बाईनं माती तर दोन्ही वेळा उचलली. पण रेंज नव्हती म्हणून तिचा खाडा. तुझं जीपीएस तुझ्यासाठी साक्ष देतं. आमचं आमच्या विरुद्ध.

मामाकडं याला उत्तर नसतं. तो तंबाखूची पुडी काढतो आणि विषय बदलतो. माझ्या लेखी या वादाचा गाभा भाचीच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. कॅमेरा तोच, उपग्रह तेच. मामा पाहिजे तेव्हा काढतो आणि नको तेव्हा खिशात टाकतो. भाचीला 'नको तेव्हा' हा पर्याय नाही.

मामा : बरं, भूकंपाचं बोल. आता फोन भूकंप सांगतो म्हणे.

हा विषय डहाणू-तलासरीत कोणी सहज काढत नाही. नोव्हेंबर 2018 पासून इथं जमीन हलायला लागली ती महिनोन्‌महिने हलत राहिली. धुंदलवाडीच्या आसपास तर लोक दिवस नव्हे, हादरे मोजायचे. 2019 च्या सुरुवातीला काही धक्के चार रिश्टरच्या वर गेले. कुडाच्या नि विटांच्या घरांना चिरा पडल्या, प्रशासनानं तंबू दिले, आणि हिवाळ्याच्या रात्री माणसं पोरंबाळं घेऊन उघड्यावर झोपली.

भाची : तेव्हा फोनातलं काय कामाला आलं, आठव. बॅटरी. रात्री हादरा बसला की सगळ्या पाड्यावर फोनच्या बॅटऱ्या पेटायच्या. आणि एकमेकांना फोन. बस.

मामा : तेव्हा नव्हतं. आता आलंय.

मामाचं ऐकणं बरोबर आहे. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते ज्या बारक्या चिपमुळं, तीच चिप जमिनीची थरथर ओळखते. स्थिर पडलेल्या पुष्कळ फोनांना एकाच वेळी तीच थरथर जाणवली की गुगलचा सर्व्हर भूकंप झाल्याचं ताडतो आणि लहरी पोचण्याआधी पुढच्या गावांना इशारा देतो. भारतात ही सोय अँड्रॉईड फोनांवर सप्टेंबर 2023 मध्ये आली. पण दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही नेमक्या डहाणूच्या वाट्याच्या. इशारा साडेचार किंवा त्याहून मोठ्या भूकंपाला येतो. इथल्या लोकांची झोप उडवणारे बहुतेक सगळे हादरे त्याखालचे होते. दुसरं, भूकंप तुमच्या पायाखालीच झाला तर इशाऱ्याला वेळच उरत नाही. लांब कुठं मोठा झाला तर काही सेकंद हातात येतील.

भाची : म्हणजे आमचा भूकंप फोनच्या हिशेबात बसत नाही.

मामा : लांबचा तरी कळेल.

भाची : लांबचा तू टीव्हीवर बघ.

यानंतरची गोष्ट भाची आवाज खाली आणून बोलते.

भाची : आणि गडचिंचले विसरलास?

मामा : कोण विसरेल?

16 एप्रिल 2020. टाळेबंदीचे दिवस. याच डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावानं दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना ठार मारलं. त्याआधीचे काही दिवस या पट्ट्यात चोर फिरतायत, पोरं पळवणारे आलेत अशा अफवांचं पीक होतं. गावोगाव रात्रीचे पहारे लागले होते. हे सगळं फोनानं घडवलं असं लिहिणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं होणार नाही. अफवा तोंडोतोंडीही फिरते आणि फोन नव्हते तेव्हाही फिरायची. फोननं तिला वेग दिला, आणि सांगणाऱ्याचं तोंड दिसेनासं केलं.

भाची : माझ्या कामाच्या फोनवर तेव्हा एकच निरोप पाच ग्रुपांवर आला होता. पाचही ठिकाणी खाली लिहिलेलं, पुढं पाठवा. मी नाही पाठवला. पण मी कोणाला थांबवलं पण नाही. म्हणून माझ्या स्वतःच्या फोनात ते नको. कोणी लिंक पाठवली, कोणी अफवा पाठवली, तर बटणवाल्यात ती दाबायला जागाच नाही.

मामा : मी पण पाठवलं नाही.

भाची : तुला आवाजात आलं असतं तर?

मामा बराच वेळ गप्प राहतो. आवाजी निरोपाचं हे दुसरं अंग आहे : ज्याला वाचता येत नाही त्याला तो मोकळं करतो, आणि ओळखीच्या आवाजात आलेलं खोटं त्यालाच सगळ्यात आधी खरं वाटतं.

फोनमधली एक सोय अशाच अफवांच्या बळींमुळं सगळ्या देशाला बदलून मिळाली, हेही इथं नोंदवायला हवं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, पोरं पळवणारे समजून, जमावानं ठेचून मारलं. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढं एप्रिल 2020 मध्ये, वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. आपल्या फोनात पुढं पाठवताना मध्येच थांबवणारी जी अडवणूक वाटते, तिच्यामागं राईनपाड्यासारख्या गावांतली ही माणसं आहेत.

एवढ्यावर वाद थांबला असता. पण मला एक गोष्ट दोघांना सांगायची होती, आणि ती भाचीच्या बटणवाल्या फोनाबद्दलची आहे.

त्या फोनाच्या मधल्या बटणावर, पाचवर, एक बारीक उंचवटा असतो. अंधारात, न बघता, अंगठ्याला तो लागतो आणि बाकीची बटणं त्यावरून कळतात. सरकारनं 2016 मध्ये नियम केला की 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बटणवाल्या फोनात पाच किंवा नऊ दाबून धरलं की तातडीचा फोन लागला पाहिजे. टचच्या फोनात तीच सोय चालू-बंद करायच्या बटणाला दिली, तीनदा पटापट दाबलं की. हा फोन 112 ला जातो, आणि आपल्या सिमची रेंज गेलेली असली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर आसपास असेल तर त्यावरून जातो.

भाची : पाचवर? मी तर पाचवर आईचा नंबर ठेवलाय. दाबून धरलं की तिला लागतो.

मामा : मग आईलाच लागू दे. ती 112 च्या आधी पोचेल.

भाची : आणि रात्री एकटी बाळंतपणाच्या घरून येताना?

मामा : तेव्हा नऊ.

कैनाडच्या या वादात मी शेवटी कोणाच्या बाजूचा, असं कोणी विचारलं तर मामाच्या फोनाबद्दल मामा बरोबर आहे आणि भाचीच्या फोनाबद्दल भाची. पण मामाची बाजू घ्यायला जाहिरातदार पुष्कळ आहेत, भाचीची कोणी घेत नाही. म्हणून माझं मत तिच्या पारड्यात. आहार असो की मजुरी, ज्या कामाचं ॲप सक्तीचं केलंय ते आधी रेंज नसलेल्या पाड्यावर चालवून बघा. तिथं चाललं नाही तर वहीतली नोंद ग्राह्य धरा, ओटीपी आला नाही म्हणून कुठल्याही गरोदर बाईला रिकाम्या हातानं परत पाठवू नका, आणि फोटो चढला नाही म्हणून कोणाचा खाडा लावू नका. त्याला नवा फोन लागत नाही, मंत्रालयातून निघालेलं एकपानी परिपत्रक पुरतं.